नदी सगळ्यांची, नाला कोणाचा?

महाराष्ट्रातल्या नद्यांसाठी माणसे एकत्र येतात, तरी पाणी काळेच का राहते? एक आढावा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तेव्हा तीत ३५१ पट्टे होते. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले होते. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ पर्यंत उतरला. महाराष्ट्राचा मात्र ५५ वर गेला. दोन्ही वेळा पहिला क्रमांक आपलाच.

कायदा नव्हता म्हणून हे झाले, असे म्हणायला जागा नाही. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा त्याआधीच, १९६९ मध्ये केला होता आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळही स्थापन झाले होते. माणसे उदासीन आहेत म्हणावे, तर तेही खरे नाही. कोल्हापुरात मूर्तिदानासाठी कार्यकर्ते घाटावर उभे राहतात, नाशिककर गोदावरीसाठी न्यायालयात जातात, पुणेकर रविवारी सकाळी मुठेच्या काठी जमतात, अकोलेकर मोर्णेत उतरून जलपर्णी ओढतात.

मग अडते कुठे? नदीसाठी एकत्र येणारी माणसे बहुतेक वेळा एकाच बाजूची असतात, असे या सगळ्या प्रयत्नांकडे पाहिल्यावर जाणवते. नदीवर प्रेम करणारे एकत्र येतात. नदीत घाण सोडणारे, ती घाण खालच्या अंगाला सोसणारे आणि ती थांबवण्याचा अधिकार असलेले हे तिघे एका बैठकीत, एकाच आकड्यांसमोर, क्वचितच बसतात. जिथे बसले तिथे थोडेफार तरी बदलले. जिथे बसले नाहीत तिथे मोहिमा झाल्या, छायाचित्रे निघाली आणि नाला वाहतच राहिला.

आकडे काय सांगतात

नदीचा पट्टा प्रदूषित ठरवताना मुख्यतः बीओडी पाहतात. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव जेवढा प्राणवायू वापरतात, त्याचे हे माप. लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर पाणी आंघोळीला चालते. ३० च्या वर गेले की पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात पडतो. मुंबईची मिठी २०१८ च्या यादीत याच वर्गात होती. बीओडी वाढला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सगळ्यांत आधी मासे मरतात.

ही घाण येते कुठून? कारखाने, असे उत्तर आपल्या तोंडी असते. कारखान्यांचे पाणी विषारी असते आणि त्याची गय करण्याचे कारण नाही. पण एकूण प्रमाण पाहिले तर सर्वांत मोठा वाटा आपल्या स्वयंपाकघरांचा, न्हाणीघरांचा आणि संडासांचा आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरी भागात रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. ते शुद्ध करण्यासाठी ६,८९० दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे उभी होती. प्रत्यक्षात शुद्ध होत होते ४,२४२ दशलक्ष लिटर. निम्म्याहून अधिक सांडपाणी शुद्ध न होता तसेच सोडले जात होते.

या तीन आकड्यांतला दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून पाहा. अडीच हजार दशलक्ष लिटरहून अधिक क्षमता बांधून तयार होती आणि वापरात नव्हती. म्हणजे प्रश्न फक्त नवी केंद्रे बांधण्याचा नाही. केंद्र बांधायला केंद्र आणि राज्य सरकारचे अनुदान मिळते. ते चालवण्याचा खर्च, म्हणजे विजेचे बिल, रसायने आणि माणसांचे पगार, नगरपालिकेला आपल्या तिजोरीतून करावा लागतो. तिथे हात आखडतो. कुठे केंद्र तयार असते, पण वस्त्यांमधल्या गटारी त्याला जोडलेल्याच नसतात. घाण नाल्यात, नाला नदीत, आणि केंद्र अर्धे रिकामे.

पंचगंगा: एका नदीत सगळे प्रश्न

हा गुंता जवळून पाहायचा तर पंचगंगेच्या काठाने जावे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती अशा पाच प्रवाहांची ही नदी. प्रयाग चिखलीला ती पंचगंगा होते, कोल्हापूर आणि इचलकरंजीवरून वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. जेमतेम ८० किलोमीटरचा हा प्रवास. पण नदीला जे जे सोसावे लागते ते सगळे त्यात आहे. कोल्हापुरात जयंती नाला, इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसचे आणि सायझिंगचे पाणी, काठच्या साखर कारखान्यांचे मळीमिश्रित सांडपाणी, उसाच्या शेतातून उतरणारी खते, आणि काठच्या गावांचा मैला.

उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातलेले असतात. प्रवाह थांबतो, पाणी गडद होते, त्यावर केंदाळ पसरते. अशा वेळी वरून मळीचा किंवा मैल्याचा लोट आला की शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे तोंड वर काढून काठाला येतात आणि काही तासांत पांढरी पोटे वर करून तरंगू लागतात. बातमी होते, मंडळाचे अधिकारी येतात, बाटल्यांत पाणी भरले जाते, पंचनामा होतो. तोवर तो लोट पुढे निघून गेलेला असतो. महापालिका कारखान्यांकडे बोट दाखवते, कारखाने शहराकडे, शहर शेतीकडे. प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरे असते, आणि म्हणूनच जबाबदारी कोणावर ठरत नाही.

२०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. पंचगंगेचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला अभ्यास सोपवला गेला. कोल्हापुरात कसबा बावडा आणि दुधाळी इथे शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. जयंती नाल्याचे पाणी उपसून केंद्राकडे वळवले जाऊ लागले. ही प्रगती खरी आहे आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. पण पंप बंद पडला की नाला पुन्हा नदीत.

या नदीने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पंचगंगेचे पाणी पिण्याजोगे उरले नाही, तेव्हा इचलकरंजीने वारणेचे पाणी मागितले. दानोळीच्या गावकऱ्यांनी विरोध केला. मग दूधगंगेवरची सुळकूड योजना पुढे आली. तिला कागलच्या बाजूने विरोध झाला. विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांची भीती खोटी नव्हती आणि शहराची तहानही खोटी नव्हती. आपली नदी घाण झाली की माणूस शेजाऱ्याच्या नदीकडे वळतो आणि गावागावांत तेढ येते. नदीची स्वच्छता हा सलोख्याचाही प्रश्न आहे, तो असा.

वरचे गाव, खालचे गाव

इंद्रायणी देहू-आळंदीवरून वाहते आणि तुळापूरला भीमेला मिळते. मुळा-मुठा पुण्याची घाण घेऊन रांजणगाव सांडसजवळ त्याच भीमेत उतरते. भीमा उजनीत साठते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. उजनीतून सुटलेले पाणी पंढरपूरला चंद्रभागा म्हणून पूजले जाते. वारकरी जिथून पालखी उचलतात आणि जिथे पोहोचतात, ती दोन्ही तीर्थे एकाच पाण्यावर आहेत. आळंदीत वारीच्या तोंडावर इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो आणि त्या फेसात लेकरे-म्हातारी स्नान करतात, तेव्हा ती घाण तिथे थांबत नसते.

२०१६ मध्ये राज्याने ‘नमामि चंद्रभागा’ हे अभियान जाहीर केले. हेतू चांगला होता. पण चंद्रभागा पंढरपुरात स्वच्छ करता येत नाही; ती पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या नाल्यांत स्वच्छ करावी लागते. पुण्यात जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठेसाठी ९९० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला: ११ केंद्रे, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. तो जानेवारी २०२२ पर्यंत पुरा व्हायचा होता. मुदत उलटली तरी काम सुरूच राहिले. दरम्यान ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुशोभीकरणाला वेग आला आणि झाडे वाचवण्यासाठी २०२३ मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. आधी मैला थांबवा, काठाचे नंतर पाहू, ही त्यांची मागणी साधी आणि रास्त होती.

या सगळ्यात सोलापूरकराला विचारणारे कोणी नाही. पुण्याच्या प्रकल्पाला उशीर झाला तर त्याचे मोल सोलापूर आणि पंढरपूर मोजतात, पण पुण्याच्या बैठकीत त्यांची खुर्ची नसते. नदीचे खोरे एक असते. कारभार महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, एमआयडीसी, जलसंपदा, जीवन प्राधिकरण आणि प्रदूषण मंडळ यांच्यात वाटलेला असतो. पूररेषा एक खाते आखते, गटार दुसरे बांधते, नमुना तिसरे घेते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. एका नदीला एक मालक मिळाला, असे तेव्हा वाटले. दोन दशकांनंतरही मिठी काळीच आहे, कारण काठचे नाले, वस्त्या आणि छोटे धंदे वेगवेगळ्या खात्यांच्या दारांतच राहिले.

न्यायालयाचे दार

एकत्र बसायला कोणी बोलावत नाही, तेव्हा लोक न्यायालयात जातात. नाशिकमध्ये गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाच्या कार्यकर्त्यांनी २०१२ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यातून महापालिका, पोलीस, प्रदूषण मंडळ आणि याचिकाकर्ते यांना एकमेकांसमोर बसावे लागले. तारापूरच्या औद्योगिक पाण्याने खाडी आणि समुद्र नासला, तेव्हा अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. ज्यांचे जाळे रिकामे येते त्या मच्छीमारांनीच दाद मागितली, हे या खटल्याचे मोठेपण. पर्यावरण हा खात्यापित्या शहरी माणसाचा विषय आहे, या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये हरित लवादाने घनकचरा आणि सांडपाण्याच्या हलगर्जीपणाबद्दल महाराष्ट्राला १२ हजार कोटी रुपये भरपाई म्हणून बाजूला काढायला सांगितले. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाचा धाक लागतो, तो असावाही. पण आदेश माणसांना समोरासमोर बसवू शकतो, त्यांच्यात विश्वास निर्माण करू शकत नाही. तारीख संपली की प्रत्येक जण आपल्या वकिलाबरोबर आपल्या वाटेने जातो. शिवाय सरकारने आपणच बांधलेले कुंपण काढले तर न्यायालयाला धरायला आधार कमी उरतो. नदीकाठी कोणता उद्योग किती अंतरावर असावा हे ठरवणारे नदी नियमन क्षेत्र धोरण राज्याने २००० मध्ये आणले आणि २०१५ मध्ये रद्द केले.

मोर्णा ते खाम

जानेवारी २०१८ मध्ये अकोल्यात जिल्हाधिकारी आस्तिककुमार पाण्डेय यांच्या हाकेला ओ देऊन हजारो लोक मोर्णेत उतरले. विद्यार्थी, व्यापारी, डॉक्टर, सरकारी कर्मचारी, सर्व धर्मांची माणसे होती. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचे कौतुक केले. ते कौतुक त्यांनी कमावले होते. पण शहराचे सांडपाणी नदीत येतच राहिले आणि जलपर्णी पुन्हा वाढली. वरचा नळ चालू ठेवून फरशी पुसत बसावे, तसे हे होते. पुसणाऱ्यांचा दोष नव्हता. नळ ज्यांच्या हातात होता ते नदीत उतरले, पण नळाकडे गेले नाहीत.

हेच अधिकारी पुढे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महापालिका आयुक्त म्हणून गेले आणि तिथे खाम नदीचे काम उभे राहिले. इथे रीत वेगळी होती. महापालिका, छावणी परिषद, ‘व्हॅरॉक’ हा उद्योग आणि ‘इकोसत्त्व’ ही संस्था यांनी काम वाटून घेतले. नदीत येणारा कचरा वस्तीतच कसा अडवायचा, घंटागाडी कुठे पोहोचत नाही, नाल्याच्या तोंडाशी काय साचते, हे सफाई कर्मचाऱ्यांना विचारून ठरले. एका दिवसाच्या मोहिमेऐवजी वर्षानुवर्षे चालणारे काम झाले. डब्ल्यूआरआय रॉस सेंटरच्या शहरांसाठीच्या जागतिक पुरस्काराच्या २०२३-२४ च्या अंतिम यादीत खामचे नाव आले. खाम निर्मळ झाली, असा दावा कोणी करू नये. पण मोर्णेकडून खामकडे जाताना जे शिकले गेले, ते सगळ्या राज्याने शिकावे असे आहे.

अशी आणखी उदाहरणे विखुरलेली आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली मूर्तिदान आणि निर्माल्यदानाची चळवळ चालवली. सुरुवातीला तिला कडवा विरोध झाला. आज महापालिका स्वतः हौद बांधतात. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला घाटावर उभ्या राहतात. गणपतीला निरोप देणाऱ्या कुटुंबाच्या हातून त्या हार-दुर्वा घेतात, प्लास्टिकची पिशवी आणि थर्माकोल बाजूला काढतात, फुले खताला पाठवतात. शहर ज्यांच्याकडे एरवी पाहत नाही, त्यांच्या हाती श्रद्धेने निर्माल्य सोपवले जाते. ‘जीवितनदी’ या संस्थेने घरातल्या साबणापासून फिनेलपर्यंतच्या रसायनांचा प्रश्न उचलला आणि मुठेचा एकेक काठ लोकांनी दत्तक घ्यावा, असे काम उभे केले. नागपुरात भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते; सांडपाण्याला गिऱ्हाईक मिळाले की केंद्र चालू ठेवण्यात शहराचाही फायदा असतो. तरीही नाग नदीची घाण गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत पोहोचते, हे विसरून चालणार नाही.

राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले. सुरुवात ७५ नद्यांपासून झाली. प्रत्येक नदीसाठी नदीप्रहरी, काठाने संवादयात्रा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती, अशी त्याची रचना. कार्यकर्ता आणि अधिकारी एका कागदावर आले, ही याची मोठी जमेची बाजू. पण हे अभियान आहे. कायद्याने दिलेला अधिकार त्याच्या समित्यांपाशी नाही. नाला बंद करा, असे त्या सुचवू शकतात. बंद करू शकत नाहीत.

काय करायला हवे

पंजाबात संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी २००० मध्ये काली बेईं नदीचे काम हाती घेतले. गुरू नानकांशी जोडलेली ही नदी गटार झाली होती. त्यांनी लोकांना कारसेवेला बोलावले, आणि त्याचबरोबर गावांचे सांडपाणी तळ्यांत वळवून, निवळवून ते शेतीला देण्याची सोय केली. श्रद्धा, श्रम आणि शेतकऱ्याचा फायदा एका ठिकाणी आले, म्हणून ते टिकले. वारीची परंपरा, सहकाराची सवय आणि पाणीपंचायतीचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला हे अवघड का वाटावे?

पहिली गरज खोऱ्याच्या पातळीवर कायदेशीर अधिकार असलेल्या समितीची आहे. भीमेच्या समितीत पुण्याबरोबर सोलापूर आणि पंढरपूर हवेत, पंचगंगेच्या समितीत कोल्हापूरबरोबर शिरोळचा शेतकरी हवा, आणि प्रत्येक समितीत मच्छीमार व सफाई कामगारांचा प्रतिनिधी हवा. दुसरी गरज नाल्यांच्या नोंदवहीची. नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याला क्रमांक द्यावा, तो कोणाच्या हद्दीतला, त्यात रोज किती पाणी येते, जबाबदार अधिकारी कोण, हे नाल्याच्या तोंडाशी फलकावर लिहावे. तिसरी गरज उघड्या मोजमापाची. नमुने गावकऱ्यांच्या देखत घ्यावेत आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. मासे मेल्यावर पंचनामा करण्यापेक्षा दर आठवड्याचा आकडा जास्त कामाचा.

चौथी गोष्ट पैशाची. शुद्धीकरण केंद्र मंजूर करतानाच ते चालवण्याच्या खर्चाची तरतूद बांधून घ्यावी आणि शुद्ध केलेल्या पाण्याला उद्योग किंवा शेतीचे गिऱ्हाईक आधी ठरवावे. पाचवी गोष्ट लहान धंद्यांची. तबेले, धोबीघाट, छोटे सायझिंग, भंगारवाले यांना फक्त नोटिसा दिल्या की ते रात्री घाण सोडायला शिकतात. त्यांना सामायिक प्रक्रिया केंद्र, परवडणारा दर आणि मुदत द्यावी. त्यानंतर मात्र हयगय नको. मोठ्या कारखान्यांना ही मुदत देण्याचे काहीच कारण नाही. त्यांना कायदा ठाऊक आहे आणि तो पाळण्याची ऐपतही आहे.

यातले काहीही नवे तंत्रज्ञान मागत नाही. मागते ते इतकेच की नदीच्या नावाने जमणाऱ्या प्रत्येकाने आपला वाटा लेखी मान्य करावा आणि तो तपासू द्यावा. त्यात आपण घरी बसलेले नागरिकही आलो, कारण रोजच्या सांडपाण्यातला मोठा वाटा आपलाच आहे. नदीकाठच्या श्रमदानाला जरूर जा. पण त्याआधी आपल्या नगरपालिकेला माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा: आमच्या वस्तीचे सांडपाणी कोणत्या नाल्यात जाते, तो नाला कोणत्या केंद्राला जोडला आहे आणि ते केंद्र गेल्या वर्षात किती दिवस चालले? उत्तर आले की ते खालच्या गावाला कळवा. पुढच्या बैठकीला त्या गावच्या माणसाला सोबत घेऊन जा.